आधी किसान सभा की शेतकरी संघटना?

आमच्या दादरच्या अभ्यासगटात नव्याने येणारे हमखास विचारतात, शेतकरी चळवळीचा इतिहास वाचायचा तर सुरुवात कुठून करू? एकीकडे शेतमालाला रास्त भाव मागणारी शरद जोशींची शेतकरी संघटना, दुसरीकडे कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेली किसान सभा. थेट मुद्द्यावर येतो.

माझं आजोळ निफाडचं, कांद्याचं. साहजिकच ओढ शरद जोशींकडे. परदेशातली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करणाऱ्या या माणसाने शेतकऱ्याला उत्पादनखर्च मांडायला शिकवलं. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनाचा विषय निघाला की मामा आजही 'भीक नको, हवे घामाचे दाम' असं खणखणीत आवाजात म्हणतात. संघटनेचं १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर केलेली जमीन, याला तर तोडच नाही.

तरी मला सलते ती मामांची हिशेबाची वही. रोप, खत, औषध, बारदान आणि त्याच रकान्यात कांदे लावणाऱ्या बायकांची मजुरी. ज्यांच्याकडे विकायला काहीच नाही, त्या बायका या हिशेबात खर्च म्हणूनच येतात. भाव मिळाला की मजुरीही वाढेल, असं संघटनेचं म्हणणं. त्यात तथ्य असेलही, पण आजोळच्या शेतावर भाव चढला तेव्हा त्या बायकांचा रोज लगेच वाढलेला मी तरी पाहिला नाही.

किसान सभेची सुरुवातच अशा विकायला काही नसलेल्यांपासून होते. १९४५ ला सभेच्या टिटवाळ्याच्या परिषदेला वारली आदिवासी आले आणि परतल्यावर डहाणू-उंबरगावात सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि सावकाराकडे जन्मभर राबायचं, ती ही लग्नगडी पद्धत. मग पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी, ही मागणी. १० ऑक्टोबरला तलासरीजवळ तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड गेले. ते गवत मुंबईच्या बाजारात यायचं, हे इथल्या वाचकाने विसरू नये.

किसान सभेच्या साहित्यात पक्षाची भाषा जड होते, हे मान्य. बाजारभावाचं गणित समजून घ्यायचं तर जोशींना पर्याय नाही. पण मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या मोर्चात नाशिकहून चालत आलेले लोक मी शीवला पाहिले. कुणाच्या तळव्याची साल निघालेली, कुणाच्या चपलेला सुतळी. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून ते रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. त्यांतले बरेच जण कसत होते ती वनजमीन अजून त्यांच्या नावावर नव्हती.

तेव्हा पहिली बैठक वारल्यांच्या उठावावर ठेवा, जमल्यास डहाणू लोकलने जाऊन तलासरीला. चांदवड पुढच्या महिन्यात घ्या.