आधी कोण वाचावा: आल्बेर्ती की सेर्नुदा?

देश सुटलेल्या स्पॅनिश कवींपैकी एकापासून सुरुवात करायची म्हटलं की फिरून फिरून दोन नावं समोर येतात: रफाएल आल्बेर्ती आणि लुईस सेर्नुदा. दोघेही १९०२ सालचे, दोघेही दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचे. १९३६ ते ३९चं स्पेनचं यादवी युद्ध, ते जिंकून हुकूमशहा झालेला फ्रँको, कवी लोर्काचा खून हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

मी आधी आल्बेर्ती घेतला. माणूसच असा आहे की जीव जडावा. १९३९मध्ये देश सुटला. पॅरिस, मग वीसेक वर्षं अर्जेंटिना, मग रोम, आणि १९७७च्या एप्रिलमध्ये घरी परत. जाताना मूठ आवळलेली होती, येताना हात उघडा आहे, असं तो म्हणाला. त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाकडून कादिसचा, म्हणजे आपल्याच भागाचा, खासदार झाला. १९९९मध्ये वारला तेव्हा रक्षाही कादिसच्याच समुद्रात सोडली. परदेशातसुद्धा तो एकटा पडलेला वाटत नाही: बायको मारिया तेरेसा लेओन स्वतः लेखिका, शिवाय मुलगी, मित्र, चित्रं, राजकारण.

अडलं ते कवितेत, आणि तेही अगदी छोट्या. कबुतराची ती प्रसिद्ध कविता, जिला संगीतकार ग्वास्ताविनोने चाल लावली. उत्तरेला निघालेलं कबूतर दक्षिणेला जातं, गव्हाला पाणी समजतं. 'से एकिवोको', म्हणजे चुकलं. लगेच पुढे 'से एकिवोकाबा', चुकत होतं. एकदा झालेली चूक आणि चालूच राहिलेली चूक, सगळा फरक क्रियापदाच्या शेपटात. माझ्याकडच्या इंग्रजी अनुवादात दोन्हीकडे एकच शब्द! मराठीत काळ तरी सांभाळता येतो, पण 'आग्वा' आणि 'एकिवोकाबा' यांचा तो झोका हातून जातोच. मग सवयच लागली: उजव्या पानावरचा अनुवाद वाचायचा, संशय आला की डावीकडचं मूळ, मग शब्दकोश. दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊनही माझं स्पॅनिश काही त्या पानाला पुरणारं नाही. कविता वाचतोय की गृहपाठ करतोय, कळेना. (गाणं म्हणून ऐकलं की तक्रार उरत नाही, हेही खरं.)

सेर्नुदाशी असं भांडण झालं नाही. हा १९३८मध्ये व्याख्यानांसाठी इंग्लंडला गेला तो परतलाच नाही. ग्लासगो, केंब्रिज, लंडन, मग अमेरिकेतलं माउंट होलिओक कॉलेज, १९५२पासून मेक्सिको आणि १९६३मध्ये तिथेच, कवयित्री कोन्चा मेंदेसच्या घरी मृत्यू. जाईल तिथे शिकवण्याची नोकरी, आणि मेक्सिको सोडलं तर गाव फारसं न आवडणं. ग्लासगो तर मुळीच नाही. पण सेविलच्या बालपणावरचं त्याचं गद्य आकाराला आलं ते त्याच ग्लासगोत: उन्हाळ्यात अंगणावर ओढलेलं कापड, खाली गारसर अंधार, कारंज्याचा आवाज, पायरीवर बसलेला मुलगा. 'ओक्नोस' या नावाने ते १९४२मध्ये लंडनला छापलं गेलं. हे इंग्रजीतून वाचतानाही मला डावं पान लागलं नाही. इंग्रज कवी मन लावून वाचल्यामुळे असेल, पण पुढेपुढे त्याची कविता गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाते, आणि बोलणं अनुवादात बरंचसं तगतं. एका कवितेत तो स्वतःलाच विचारतो, परतायचं? मग म्हणतो, ज्याला घर आहे, वाट बघणारं माणूस आहे, त्याने परतावं. आपल्याला ग्रीक कथेतल्या युलिसिससारखा ना शोधत येणारा मुलगा, ना इथाका हे घरचं बेट, ना वाट बघणारी बायको पेनेलोपी. दिवाळीच्या गर्दीत गाडीत उभ्याने हे वाचलं, आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं.

दोषही सांगायला हवा. माणूस खडूस. १९६२च्या शेवटच्या संग्रहात जुन्या ओळखीच्यांचे हिशेब चुकते केलेत, ते मला लागोपाठ वाचवले नाहीत. त्या बाबतीत आल्बेर्ती कितीतरी दिलदार.

तुमचं स्पॅनिश चांगलं असेल तर माझं हे सगळं गैरलागू ठरेल; तुम्ही आल्बेर्तीच घ्या, कदाचित मलाच हसाल. पण अनुवादावरच भिस्त असेल तर, माझ्यापुरतं सांगतो, सेर्नुदा आधी, आणि त्यातही 'ओक्नोस'. तुकडे छोटे आहेत, रात्री एकेक पुरतो. आल्बेर्तीचं पुस्तक मी देऊन टाकलेलं नाही. कबुतराच्या पानात अजून बसच्या तिकिटाची खूण आहे.