कुशीवर झोपणाऱ्यांसाठी खास टॉपर: 18,950 रुपयांचा चुना

18,950 रुपये, दोन टॉपरपायी, म्हणजे गादीवर अंथरायच्या फोमच्या जाड थरांपायी. आकडा आधीच सांगते, म्हणजे "असे कितीसे गेले असतील" असं कोणी म्हणायला नको. 8,000 आगाऊ, 8,450 माल आल्यावर आणि वर 2,500 "एक्स्चेंज डिपॉझिट". ते शेवटचे 2,500 आठवले की अजून अंगाचा तिळपापड होतो.

गणपतीच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात "फॅक्टरी सेल" लागला. हंगाम कुठला ते या लोकांना बरोबर ठाऊक असतं. मुंबईचे चाकरमानी येणार, घरोघरी अंथरुणं कमी पडणार, आणि कापसाच्या गाद्या पावसाने दमटून वास मारतायत, वाळवायला ऊन नाही. सगळं कोकण त्या वेळी गिऱ्हाईकच असतं.

विकणारा अडाणी असता तर मी दारातूनच मागे फिरले असते. त्याने आधी विचारलं, झोपता कसे? मी कुशीवर, हे पालथे. मग म्हणाला, कुशीवर झोपलं की भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो, म्हणून तुम्हाला 3 इंची मऊ मेमरी फोम. पालथ्या झोपणाऱ्याला मऊ दिलं तर पोट खाली जातं आणि कंबर ताणते, म्हणून साहेबांना 2 इंची घट्ट लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम. उताणं झोपणाऱ्याला मधलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, मी आधीच वाचलेलं होतं. नमुन्यावर हात दाबला तर पंजाचा ठसा हळूहळू भरून आला, म्हणजे तो तुकडा खराच मेमरी फोमचा. ज्ञान खरं, नमुना खरा, खोटा फक्त माल. आता सांगा, यात मी बावळट कशी?

डबल बेडवर दोन वेगळे अर्धे टॉपर, 3 फूट बाय साडेसहा फूट. मेमरी फोमची डेन्सिटी 50, लॅटेक्सची 75, असं त्याने स्वतःच्या हाताने पावतीवर लिहून दिलं. तेवढ्या एका उपकाराबद्दल आभार.

माल आला तो भर पावसात. पोरगा दोन्ही गुंडाळ्या एकाच काखेत मारून खळं ओलांडून आला, दुसऱ्या हातात छत्री. मी एक गुंडाळी घेऊन माडीवर गेले, धाप नाही की काही नाही. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "ह्या इतक्या हलक्या कसा गो?" मी म्हटलं, नवीन टेक्नॉलॉजी आहे, आई. तिथेच थांबायला हवं होतं. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो, इतकं साधं गणित आहे. माझ्या मापाच्या 3 इंची तुकड्याला 50 ची डेन्सिटी असेल तर वजन 7 किलोच्या आसपास भरलंच पाहिजे. 75 च्या 2 इंची लॅटेक्सचंही तेवढंच. पुढे काजूबी घेणाऱ्याच्या काट्यावर घातले: माझा कव्हरसकट 2 किलो 400 ग्रॅम, यांचा 2 किलो 600. म्हणजे खुर्चीच्या गादीत घालतात तो स्वस्त फोम. लॅटेक्स वाटावं म्हणून पिवळट रंग आणि वरून टोचलेली भोकं. कव्हरची चेन शिवून बंद केलेली, ती उसवल्यावर हे दिसलं. शिवलेली चेन दिसली तर पैसे देऊ नका.

पण पैसे तर आधीच घेतलेले. "व्हॅक्यूम पॅकिंग आहे, 24 तास फुलू दे, लगेच उघडून बघू नका." गुंडाळलेला फोम फुलायला वेळ लागतो हेही खरंच आहे, आणि तेवढ्या वेळात टेम्पो हायवेला लागतो.

दोन-चार रात्रींत माझं कमरेचं हाड खालच्या गादीला टेकायला लागलं. फोन केला. अगदी नम्रपणे म्हणाला, चुकून दुसऱ्याचा माल आला, 2,500 डिपॉझिट पाठवा, बदलून देतो, डिपॉझिट परत. पाठवले. नंबर बंद.

आता सरकारी पाहुणचार ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "गादी मिळाली ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." फसवणुकीचं कलम 420 जाऊन 318 आलं, उत्तर तेच. पावतीवरचं हस्ताक्षर दाखवलं, तर हवालदार म्हणतात, मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळायला नको? म्हणजे शिकलेल्याला लुटलं तर तो गुन्हा नाही! 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तर नाव, खातं, व्यवहाराचा नंबर सगळं लिहून घेतलं, पण रोख दिलेले 16,450 त्यांच्या कक्षेत नाहीत. (ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र पहिल्या तासातच लावा.) 1915 या ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी विक्रेत्याचा पत्ता मागितला. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं छान, पण नोटीस पाठवायची कुठे? पावतीवरचा जीएसटी नंबर 13 अक्षरांचा निघाला. खरा 15 चा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. कार्यालयाचा मालक म्हणतो, हॉल भाड्याने दिला, पुढचं आम्हाला काय माहीत. लग्नाच्या बुकिंगला आधार कार्ड मागतात हेच लोक.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते, तशी मी स्पीड पोस्टने पाठवली आहे. पोच आली, उत्तर नाही.

परवा मावसबहिणीने एक पत्रक पाठवलं. तालुका वेगळा, हॉल वेगळा, फोन नंबर वेगळा, गाद्यांचे फोटो तेच. तिकडे कोणी जाणार असाल तर वजनकाटा घेऊन जा, आणि माझे पैसेही मागा.