लाइफटाइम स्टेटस: मॅरियट, हिल्टन की हयात? फिरतीच्या नोकरीवाल्यासाठी हिशेब

वर्षाला पन्नास-साठ रात्री कंपनीच्या खर्चाने हॉटेलात काढणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: फिरती काही चुकत नाही, मग ती एकाच साखळीत करून आयुष्यभराचा दर्जा (लाइफटाइम स्टेटस, म्हणजे न्याहारी-लाउंजसारख्या सवलती कायमच्या) पदरात का पाडून घेऊ नये? विचार बरोबर आहे. पण 'कोणती साखळी चांगली' इथून सुरुवात केली की गाडी भलतीकडे जाते. आधी बघायचं ते हे की ती साखळी मोजते काय. मॅरियट रात्री आणि वर्षं मोजते. हयात फक्त खर्च मोजते. हिल्टन वर्षं मोजते आणि त्याच्या जोडीला रात्री किंवा खर्च, दोन्हींपैकी एक. तुमच्या फिरतीत यांतलं काय भरपूर आहे, त्यावर बाकीचं ठरतं.

एकच प्रवासी, तीन हिशेब

ठाण्यात राहणारा, पुणे-हैदराबाद-बंगळुरू करणारा प्रवासी धरू. वर्षाला ६० रात्री, कर वगळून सरासरी भाडं १२,००० रुपये, आणि डॉलर ९० रुपये.

मॅरियट बॉनव्हॉय या मॅरियटच्या सदस्य-कार्यक्रमात लाइफटाइम प्लॅटिनमला ६०० रात्री लागतात आणि प्लॅटिनम किंवा त्यावरच्या दर्जाची १० वर्षं लागतात. वर्षं सलग नसली तरी चालतात. वर्षाचा प्लॅटिनम ५० रात्रींना मिळतो. म्हणजे आपल्या प्रवाशाच्या दोन्ही अटी बरोबर दहाव्या वर्षी एकदम पुऱ्या होतात.

हिल्टन ऑनर्सच्या लाइफटाइम डायमंडला डायमंडची १० वर्षं, आणि त्यासोबत १,००० रात्री किंवा २० लाख बेस पॉइंट (खर्चावर मिळणारे मूळ पॉइंट, जादाचे सोडून). डॉलरला १० बेस पॉइंट या दराने ते २ लाख डॉलर झाले. वर्षाला ६० रात्रींनी हजाराचा आकडा गाठायला १७ वर्षं लागतात. खर्चाच्या वाटेने गेलात तर आणखी उशीर.

वर्ल्ड ऑफ हयातचा लाइफटाइम ग्लोबलिस्ट १० लाख बेस पॉइंटना मिळतो. रात्रींची अट नाही, वर्षांची नाही. डॉलरला ५ पॉइंट, म्हणजे इथेही २ लाख डॉलर. आपला प्रवासी वर्षाला ७ लाख २० हजार रुपये, म्हणजे ८,००० डॉलर खर्चतो. त्याचे ४०,००० पॉइंट होतात. दहा लाखांना २५ वर्षं!

दहा, सतरा, पंचवीस. माणूस तोच, खोल्या त्याच दर्जाच्या.

आता भाडं ३५,००० करून बघा, म्हणजे वरच्या पदावरचा, परदेशी फिरणारा माणूस. वर्षाचा खर्च २१ लाख, सुमारे २३,३०० डॉलर, हयातचे १ लाख १६ हजारांवर पॉइंट. नऊ वर्षांच्या आत काम फत्ते, आणि खोलीवर लावलेली जेवणाची बिलं धरली तर त्याहूनही लवकर. हिल्टन त्याला लाइफटाइम डायमंड आणि मॅरियट लाइफटाइम प्लॅटिनम दहा वर्षांआधी देऊ शकत नाहीत, कारण वर्षांची अट पैशाने लवकर सरकत नाही. हयात कोणासाठी आहे ते इथे कळतं.

आणखी एक गोष्ट परदेशी तुलनांमध्ये कधी येत नाही, ती म्हणजे रुपया. २०१५ साली डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा २ लाख डॉलर म्हणजे १ कोटी ३० लाख रुपये. ९० रुपयांनी तेच १ कोटी ८० लाख होतात. भाडीही वाढली हे खरं, पण पगार आणि खर्च रुपयात असलेल्या माणसासाठी हे लक्ष्य रुपया घसरला की पुढे सरकतं. रात्र मात्र रात्रच राहते. चाकणच्या कोर्टयार्डमधली एक रात्र आणि लोअर परळच्या सेंट रेजिसमधली एक रात्र मॅरियटच्या खात्यात सारखीच मोजली जाते. प्लांटवर, साइटवर जाणाऱ्या मंडळींसाठी याहून सोयीचा नियम नाही.

मॅरियटमध्ये रात्री कुठून येतात

मुंबईतल्या बहुतेक नोकरदारांचं उत्तर मॅरियटच येणार, म्हणून इथे जरा खोलात जाऊ.

एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड (डायनर्स क्लब, वर्षाला ३,००० रुपये आणि वर जीएसटी) सिल्व्हर दर्जा देतं आणि दरवर्षी १० इलाइट नाइट क्रेडिट (न राहता खात्यात धरल्या जाणाऱ्या रात्री) देतं. या १० रात्री लाइफटाइमच्या आकड्यातही जमा होतात. शिवाय ५० रात्रींवर मिळणाऱ्या चॉइस बेनिफिटमध्ये (आपण निवडायच्या भेटीत) आणखी ५ रात्री घेण्याचा पर्याय असतो. बरेच जण तिथे अपग्रेडची कुपनं उचलतात. लाइफटाइमच्या मागे असाल तर डोळे मिटून रात्री घ्या.

मग गणित असं होतं: प्रत्यक्ष ४०, कार्डाच्या १०, चॉइसच्या ५, मिळून वर्षाला ५५. अकरा वर्षांत ६०० पार, आणि त्यांतल्या प्रत्यक्ष झोपून काढलेल्या रात्री फक्त ४४०. पॉइंटवर घेतलेल्या रात्रीही मोजल्या जातात, म्हणजे दिवाळीत घरच्यांना घेऊन फुकट काढलेले चार दिवससुद्धा.

कमी फिरणाऱ्यांसाठी याच कार्डात एक छुपी वाट आहे. वर्षाला प्रत्यक्ष १५ रात्री आणि कार्डाच्या १० मिळून २५, म्हणजे त्या वर्षाचा गोल्ड. लाइफटाइम गोल्डला ४०० रात्री आणि गोल्डची ७ वर्षं लागतात. या वेगाने सोळाव्या वर्षी ते जमतं. जमतं, पण त्यासाठी जीव टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मॅरियटच्या गोल्डला ना न्याहारी, ना लाउंज. निघायच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत खोली (तीही उपलब्ध असली तर), २५ टक्के जादा पॉइंट आणि जमलं तर जरा बरी खोली, एवढंच. लाइफटाइम सिल्व्हरबद्दल (२५० रात्री, ५ वर्षं) तर बोलायलाच नको.

वर्षांच्या अटीत अनेक जण अडकतात. एखाद्याला हैदराबादच्या प्रोजेक्टवर सलग टाकलं, एका वर्षात २५० रात्री झाल्या. रात्रींचा आकडा झपाट्याने चढतो, पण वर्षांचा आकडा त्या वेगाने हलत नाही. पुढची दोन वर्षं ऑफिसात बसून गेली तर ती प्लॅटिनमची वर्षं हातची जातात. अशा दाट पण थोडक्या काळाच्या फिरतीला हयात बरं, बशर्ते भाडं दणदणीत असेल.

हिल्टनची खुबी वेगळी आहे. २०२६ पासून डायमंड ५० रात्रींना किंवा २५ स्टेना (मुक्कामांना, मग तो एका रात्रीचा का असेना) मिळतो. सोमवारी जाऊन मंगळवारी परतणाऱ्याला पंचवीसच रात्रींत वर्षाचा डायमंड हातात येतो, म्हणजे दहा वर्षांची अट तो आरामात पुरी करेल. पण तेव्हा त्याच्याकडे रात्री असतील अडीचशे. हजाराला अजून तीस वर्षं. वर्षाच्या दर्जासाठी हिल्टन उत्तम, लाइफटाइमसाठी फार लांब.

मिळाल्यावर हातात काय

मॅरियट प्लॅटिनम: जिथे लाउंज आहे तिथे लाउंज, बहुतेक ब्रँडमध्ये न्याहारी, दुपारी चारपर्यंत खोली (रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत उपलब्धतेनुसार), ५० टक्के जादा पॉइंट. हयातचा ग्लोबलिस्ट तिघांत सगळ्यात दिलदार: न्याहारी, लाउंज, चारपर्यंत खोली, आणि चेक-इनच्या वेळी मोकळा असेल तर साधा स्वीट (बैठकीसह मोठी खोली) सुद्धा. हिल्टन डायमंडलाही न्याहारी आणि लाउंज आहे. पण भारतात हिल्टनच्या गोल्डलाच न्याहारी मिळते. लाउंजचा नाद नसेल तर गोल्ड आणि डायमंडमधला फरक रोजच्या वापरात फारसा जाणवत नाही, मग त्यासाठी सतरा वर्षं कशाला?

पैशात मांडायचं तर निवृत्तीनंतरचा विचार करा, कारण नोकरीत असताना दर्जा तसाही दरवर्षी मिळतोच. दोघांची न्याहारी मिळून २,००० रुपये, संध्याकाळचं लाउंजमधलं खाणं १,००० धरा. वर्षाला स्वतःच्या खर्चाने १५ रात्री फिरलात तर ४५,००० रुपयांचा फायदा. आणि फिरलातच नाही, लेकीकडे अमेरिकेला सहा महिने राहिलात, तर शून्य.

जाळ्याचाही विचार हवा. मुंबईकराला मुंबईतली हॉटेलं एरवी कामाची नसतात, पुण्या-नागपुरातली असतात. हयातची पुण्यात विमाननगरला हयात रीजन्सी, गोव्यात बांबोळीला ग्रँड हयात. हिल्टनचं पुण्यात कॉनरॅड आणि चिंचवडला डबलट्री. ठीक आहे, पण जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत दोन्ही साखळ्या विरळ होतात. मॅरियटला नागपुरात ल मेरिडियन आहे, महाबळेश्वरलाही आहे. शिवाय आयटीसी मराठा आणि परळचं आयटीसी ग्रँड सेंट्रल ही मॅरियटच्या लक्झरी कलेक्शन ब्रँडखालची हॉटेलं असल्यामुळे तिथल्या रात्री मॅरियटमध्ये धरल्या जातात. ताज आणि ओबेरॉयमधल्या रात्री या तिघांपैकी कोणाच्याच खात्यात जात नाहीत. तुमच्या कंपनीचा करार ताजशी असेल तर हा सगळा खटाटोप बाजूला ठेवा.

रात्री गळतात कुठे

पहिली गळती बुकिंगची. मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, अगोडा यांच्यावरून घेतलेल्या खोलीला पॉइंट नाहीत आणि रात्रही नाही. कंपनीचं ट्रॅव्हल डेस्क घाऊक दराने खोल्या उचलत असेल तरी तेच. कंपनीचा ठरलेला कॉर्पोरेट दर मात्र चालतो. ओळखायचं कसं? कन्फर्मेशन नंबर हातात आला की तो साखळीच्या ॲपमध्ये टाकून बघा. बुकिंग तुमच्या खात्यात दिसलं आणि दरावर पॉइंट मिळणार नाहीत अशी ओळ नसली तर ठीक. चेक-इनच्या काउंटरवर नंबर सांगून हे दुरुस्त होत नाही. दरच अपात्र असला तर मॅनेजरही काही करू शकत नाही.

दुसरी गळती नावाची. खात्यावर नाव आणि आडनाव, बुकिंगवर आधी आडनाव मग नाव मग वडिलांचं नाव, आणि नंबर घालायला ट्रॅव्हल डेस्क विसरलेलं. मुक्काम कुठेच जमा होत नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव खात्यावर ठेवा आणि तेच डेस्कच्या प्रोफाइलमध्ये नंबरसकट भरून घ्या. बिलाची प्रत फ्रंट डेस्ककडून दरवेळी मेलवर मागवा. दहा दिवसांत रात्री दिसल्या नाहीत तर साइटवरच्या 'मिसिंग स्टे' विनंतीला तेच बिल जोडावं लागतं.

तिसरी, कॉन्फरन्सची. चाळीस जणांच्या खोल्या एका मास्टर बिलावर कंपनीने भरल्या तर पाहुण्याला सहसा काही मिळत नाही.

चौथी कुटुंबाची. मॅरियटमध्ये तीन खोल्यांपर्यंत पॉइंट मिळतात, पण रात्र एकाच खोलीची मोजली जाते. आईबाबांची दुसरी खोली त्यांच्यापैकी एकाच्या खात्यावर घ्या, निदान तिथे तरी काही साठेल. नवरा-बायकोला पॉइंट एकमेकांना देता येतात, रात्री देता येत नाहीत. दोघंही फिरतीवर असाल तर दोन अर्ध्या खात्यांऐवजी दोघांनी वेगवेगळ्या साखळ्या धरलेल्या बऱ्या.

'लाइफटाइम' कोणाच्या लाइफचं?

साखळीच्या. मॅरियटने स्टारवुड ही दुसरी हॉटेल साखळी २०१६ मध्ये घेतली, ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्हींचे कार्यक्रम एक केले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला बॉनव्हॉय नाव दिलं. त्या धांदलीत आता लाइफटाइम टायटॅनियम म्हणतात ती पायरी निघाली आणि २०१८ संपताच नव्या लोकांसाठी बंदही झाली. ज्यांनी तोवर गाठली होती त्यांची टिकली. वाटेत असलेल्यांना प्लॅटिनमवर समाधान मानावं लागलं. हयातने २०१७ मध्ये गोल्ड पासपोर्ट गुंडाळून वर्ल्ड ऑफ हयात आणलं, तेव्हा जुन्या लाइफटाइम डायमंडवाल्यांना ग्लोबलिस्ट केलं. म्हणजे मिळालेलं सहसा काढून घेत नाहीत, पण वाटचाल सुरू असताना नियम बदलू शकतात. पस्तिशीत सुरुवात करणाऱ्याने पंचवीस वर्षांचा बेत आखणं म्हणूनच धाडसाचं आहे. दहा-अकरा वर्षांचा बेत माणूस निभावू शकतो, मधे एकदा नोकरी बदलली तरी.

पदरचे पैसे कधी घालावेत

रात्री विकत घेण्याची वेळ साधारण डिसेंबरात येते, आणि मुंबईतली हॉटेलं मुंबईकराच्या कामाला येतात ती तेव्हाच. इथे दोन वेगळे प्रसंग आहेत. खात्यात ४७ रात्री झाल्या आहेत आणि ५० ला तीन कमी आहेत: या तीन घ्याव्यात, कारण त्यांनी प्लॅटिनमचं एक अख्खं वर्ष वाचतं, आणि वर्ष दुसऱ्या कशाने मिळत नाही. लाइफटाइमच्या ६०० ला वीस कमी आहेत आणि वर्षं मात्र आठच झाली आहेत: एक पैसा घालू नका, त्या वीस पुढच्या दोन वर्षांत कंपनीच्या खर्चाने येतीलच.

घेताना ७,५०० रुपयांची रेषा बघा. सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या आतल्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, वरच्याला १८. ६,००० ची खोली ६,३०० ला पडते, ९,००० ची १०,६२० ला. रात्र दोन्हीकडे एकच. नाताळ ते ३१ डिसेंबर भाडी चढलेली असतात, म्हणून ही खरेदी डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतल्या रविवारी उरकावी. विमानतळाजवळच्या, धंदेवाईक पाहुण्यांवर चालणाऱ्या हॉटेलांत रविवारचा दर सहसा उतरलेला असतो. तीन रविवार वेगवेगळे घेतले तरी चालतं, मॅरियटला सलग मुक्कामाशी देणंघेणं नाही. खोली मात्र स्वतः जाऊन चेक-इन करूनच घ्यावी लागते, आणि बिल जमा झालेलं ॲपमध्ये दिसेपर्यंत हाताशी चार-सहा दिवस शिल्लक ठेवावेत.