मेटल डिटेक्टर: यंत्र चांगले, माहितीपत्रक अपुरे

पैठण तालुक्यातील शेतात तुटलेले फाळ आणि गाडले गेलेले लोखंडी पाइप शोधण्यासाठी घेतलेला हा मेटल डिटेक्टर त्या कामात उपयोगी ठरला. मात्र विक्रेत्याने तो ‘गुप्तधन शोधणारे यंत्र’ म्हणून विकला, यावर माझा ठाम आक्षेप आहे. नाण्याएवढी वस्तू तो फार तर वीत-दीड वीत खोलीपर्यंत ओळखतो, आणि आपल्याकडील बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिजे असल्यामुळे जमिनीनुसार जुळवणी केली नाही तर उगाच वाजत राहतो.

इंग्लंडमध्ये २००९ साली स्टॅफर्डशर परगण्यातील शेतात अशाच यंत्राने मोठा सुवर्णसाठा सापडला, हे खरे आहे. परंतु पैठण ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांची नाणी प्रामुख्याने शिसे, तांबे आणि पोटीन (तांबे, शिसे व कथिल यांचा मिश्रधातू) यांची आहेत.

यंत्रासोबत कायद्याची एक ओळही दिलेली नाही, ही सर्वांत गंभीर उणीव होय. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचे निधान सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याउलट, कळवलेले निधान बेवारस ठरले आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश व मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूद आहे. संरक्षित स्थळी तर परवानगीशिवाय खोदकामच करता येत नाही.

शेतीच्या कामासाठी हे यंत्र जरूर घ्यावे, पण ते घेऊन तेर किंवा पैठणसारख्या प्राचीन ठिकाणच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) उतरू नये, कारण उकरलेल्या थराबरोबर नाण्याचा काळ सांगणारा पुरावाही नष्ट होतो.