काव खरी, पुडी कच्ची

तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला काव, म्हणजे गेरू, लावायची होती, म्हणून बेळगावच्या रविवार पेठेतल्या पूजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. पाटी नाही, बाहेर केरसुण्या टांगलेल्या असतात, तीच खूण. गल्ल्यावरच्या अक्कांनी मान वर न करता कानडीत विचारलं, "एन बेकु?" म्हटलं, काव. तशा लगेच मराठीत आल्या, "पूड देऊ की दगड?"

दगड विचारणारं दुकान बेळगावात मला दुसरं भेटलेलं नाही. तिथेच पायरीवर टेकलो.

गेल्या वर्षी दुसरीकडून प्लास्टिकच्या पाकिटातली आणली होती. रात्री तांब्यात भिजवली, सकाळी बघतोय तर खाली विटेचा चुरा आणि वर गुलाबी पाणी, शाईसारखं. खरी काव विरघळत नाही की हो. तळाला बसते, वरचं पाणी नितळ होतं. पहिल्या वळवात वृंदावनाचा रंग अंगणभर झाला आणि मंडळींनी मला ऐकवायचं ते ऐकवलं.

मला यातलं थोडं कळतं. मी खानापूरचा, गोव्याच्या खाणीत वॉशिंग प्लांटवर चौदा वर्षं काढली. 2012 ला तिथल्या खाणी बंद पडल्या आणि आमच्यातले काही जण थेट आफ्रिकेत गेले, स्वाझीलँडला. राजाचं राज्य, 2018 पासून नाव एस्वातिनी. तिथे न्ग्वेन्या नावाच्या डोंगरात 1964 ते 1977 लोखंडाची खाण चालली. माल रेल्वेने मोझांबिकच्या बंदरात जायचा, तिथून जपानला. उरलेल्या ढिगांतला माल पुन्हा काढायचं काम 2011 ला गोव्याच्याच एका कंपनीने घेतलं होतं. 2014 ला तेही थांबलं, आम्ही घरी.

पण एका रविवारी गाईडबरोबर वर कड्यात गेलो होतो, लायन केव्हर्नला. लांबून साधी गुहा वाटते. आत गेल्यावर मात्र खाणकामगाराच्या डोळ्याला कळतं, ही खणून झालेली जागा आहे. तिथे दगडी हातोडे, टोकदार दगड सापडलेत. फार जुन्या काळच्या माणसांनी त्या हत्यारांनी ठोकून ठोकून बाराशे टनांच्या आसपास मऊ खनिज काढलं, असा अंदाज आहे. आमच्या दहा टनी टिपरच्या एकशेवीस खेपा! 1960 च्या दशकात तिथल्या कोळशावरून वय निघालं 43 हजार वर्षं. आता वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजतात, त्यावरून 2024 मध्ये आकडा 48 हजारांपर्यंत गेला. आणि एवढी मेहनत कशासाठी, तर रंगासाठी. लोखंड वितळवायची विद्या त्या भागात आली इसवी सन 400 च्या सुमारास. त्याच्या आधी हजारो वर्षं माणसं हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं लाल खनिज, खणत होती ती अंगाला लावायला. म्हणजे काव की!

गाईडने एक काळपट, चंदेरी खडा माझ्या तळव्यावर घासला. रेघ उठली रक्तासारखी लाल, वर अभ्रकासारखी चकाकी. साबणाने लाल गेलं, चकाकी दोन दिवस रेषांतून निघाली नाही. प्लांटवर तोच माल टनावारी धुतला होता, पण असा हातावर कधी घेतला नव्हता.

तर अक्कांचा दगड. हाताला जड लागला. दारातल्या फुटक्या टाईलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला, लाल रेघ लगेच. आपल्या जांभ्याकडची काव ती, मातकट आणि मऊ; न्ग्वेन्याची चकाकी हिला नाही, मागूही नये. घरी पाट्यावर वाटली, डिंकाच्या पाण्यात कालवली, दोन हात दिले. त्यानंतर अवकाळीचा एक पाऊस झाला, रंग जागच्या जागी.

पाव किलोला चाळीस रुपये, महाग नाही. अक्का वजनाला चोख. दुकानाला तारे देताना एक तारा कापतोय तो पुडीसाठी. वर्तमानपत्राच्या एका कागदात जड दगड आणि त्याची भुकटी बांधून देतात. खडे बाजारापर्यंत पोचलो नाही तोवर पुडी फाटली, पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत लाल, आणि रिक्षावाले मामा विचारतात, "काय हो, पडलासा काय?"

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. जाताना घरून झाकणाचा डबा न्या.