राजदूत ३५०ला डिस्क: आठ महिन्यांचा हिशोब आणि अर्ध्या मिलिमीटरचं भोक

पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवलेली राजदूत ३५० मोटारसायकल घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना पुढचं चाक हळूहळू जड होत गेलं. शेवटच्या वळणांपर्यंत डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र वाजत होता. लिव्हरला हात नाही आणि ब्रेक लागलेला. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूला, पाव फेरा दिल्यावर चमचाभर ब्रेक ऑइल चिळकांडीसारखं उडालं आणि चाक मोकळं फिरायला लागलं. हा अनुभव लिहायला घेतला तो त्या चमचाभर ऑइलमुळे. बाकी गाडीबद्दल तक्रार नाही.

गाडीची कुंडली थोडक्यात. भारतात १९८३पासून निघालेली राजदूत ३५०, म्हणजे जपानी यामाहा आरडी ३५०ची इथली आवृत्ती, सगळ्यांची आरडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. आधीच्या हाय टॉर्कला ३०.५ अश्वशक्ती, नंतरच्या लो टॉर्कला २७. जपानी आरडीला पुढे डिस्क होती. आपल्याकडे खर्च वाचवायला १८० मिमीचा ट्विन लीडिंग शू ड्रम आला. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं, त्याला आतून दाबतात ते शू, आणि शूवरचं अस्तर म्हणजे लायनर. लीडिंग शूला ड्रमचं फिरणंच आणखी ड्रमकडे ओढतं, ट्रेलिंग शूला उलट ढकलतं. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावालाच. घाटात थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडली तर इंजिनाला ऑइल पुरवणारा ऑटोल्यूब पंपही ऑइल आखडून देतो, कारण त्याचा स्ट्रोक थ्रॉटलला बांधलेला आहे. आरपीएम चढे आणि ऑइल कमी, की पिस्टन धरलाच, जाम झालाच म्हणून समजा. म्हणून उतारावर सगळी भिस्त ब्रेकवर, मधूनमधून थ्रॉटलला थोडा चिमटा देत राहायचं.

इंजिनाचं काम नेहमीचंच होतं: क्रँकचे दोन्ही बाजूंचे सील, रीडच्या पाकळ्या, कार्ब्युरेटर सिंक, पंपाचं केबल मार्किंग. त्यावर हजार ठिकाणी लिहिलेलं आहे. ब्रेककडे वळतो.

ड्रम बदनाम आहे, पण तो नीट कोणी जुळवतच नाही. सर्वसाधारण रीस्टोरेशनमध्ये नवे लायनर घालतात, चाकाला तारा ओवतात, रिमचा आउट (डगमग) काढतात आणि गाडी उभी करतात. इथे क्रम चुकतो. तारा ताणल्या की हब (चाकाचा मधला भाग) किंचित ओढला जातो आणि ड्रम लंबगोल होतो. आधी ड्रमला टर्न मारून (लेथवर आतून गोल कापून) मग तारा ओवल्या, तर ते काम वाया गेलं. तारा पूर्ण ताणून, रिम सरळ करून, मग अख्खं चाक लेथवर चढवायचं. त्यासाठी अर्धा मीटर व्यास फिरेल असा लेथ लागतो, आणि सगळी गोची तिथेच होते. डायल गेजवर ०.१ मिमीच्या वर फरक असेल तर लिव्हर बोटांखाली धडधडतो. टर्न मारल्यावर ड्रमचा व्यास वाढतो, म्हणून लायनर जाड लावून घेऊन ते ड्रमच्या नव्या गोलाईला घासून बसवायचे. ड्रमला आतून खडू लावा, शू घालून हाताने फिरवा आणि खडू कुठे उमटतो ते बघा. फक्त मधोमध उमटला किंवा फक्त टोकाला उमटला, तर अजून घासणं बाकी आहे. लायनरची पुढची कड थोडी तिरपी घासली नाही तर ब्रेक पहिल्या झटक्याला पकडतो आणि किंचाळतो. जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्याने पुसा.

दुसरी गोष्ट, शू बाहेर ढकलणाऱ्या दोन कॅमना जोडणारी दांडी. ट्विन लीडिंगचा सगळा जीव तिच्यात आहे. दांडीचा लॉकनट सैल करून एकेक कॅम हाताने दाबायचा आणि दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकतील अशी लांबी ठेवायची. एक शू अर्धा मिलिमीटर आधी टेकला तर दुसरा फुकट बसतो, म्हणजे दोन लीडिंग शूंचे पैसे देऊन एकच वापरल्यासारखं. केबल आणि कॅमची दांडी यांचा कोन ब्रेक पूर्ण लागल्यावर काटकोनाच्या जवळ असावा. लायनर झिजले की कोन काटकोनापुढे जातो आणि जोर वाया जातो. खरं तर तो लायनर बदलण्याचा इशारा असतो, पण लोक केबलच आणखी ताणतात.

हे सगळं केल्यावर ड्रमने चाट पाडलं. सपाटीवर, कोरड्या रस्त्यावर, एका जोरदार दाबाला गाडी अशी बसते की डिस्क कशाला असं वाटावं. मग डिस्क का घातली? दुसऱ्या दाबाला तीच गाडी तशी बसत नाही म्हणून. लांब उतारावर ड्रम तापतो, फुगतो, शूपासून लांब जातो आणि लिव्हर ग्रिपकडे सरकत राहतो. शिवाय चढावर तोंड करून गाडी पुढच्या ब्रेकवर धरली की ती मागे घसरते, कारण उलट दिशेने दोन्ही शू ट्रेलिंग होतात. नवख्याला तो ब्रेक बिघडल्यासारखा वाटतो, पण रचनाच तशी आहे.

आता डिस्क. हब आणि डिस्क एका गाडीचे, कॅलिपर दुसऱ्याचा, कॅलिपर धरणारा ब्रॅकेट लेथवाल्याचा, असा हा संसार असतो. ड्रमबरोबर स्पीडोमीटरचा ड्राइव्हही जातो, तो नव्या हबसाठी वेगळा बघावा लागतो. ड्रमवाल्या फोर्कच्या पायाला कॅलिपर बसवायचे कान नसतात. तिथे ॲल्युमिनियमच्या ओतीव पायावर कान वेल्ड करण्याच्या भानगडीत पडू नका. वेल्डशेजारी तो मऊ पडतो आणि ब्रेकचा सगळा पीळ नेमका तिथेच येतो. कान असलेला पाय मिळवा. ब्रॅकेट १० मिमीच्या आतला नको. कॅलिपर बसवल्यावर पॅड डिस्कच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पॅडला पायरी पडते. डिस्क ब्रॅकेटच्या बरोबर मधोमध यावी, फरक शिमने (पातळ चकतीने) काढावा. बसवलेल्या डिस्कचा आउट ०.१५ मिमीच्या आत असला तर छान. जास्त निघाला तर आधी हबची बैठक साफ करा, बहुतेक वेळा तिथे रंगाचा थर असतो. हौशी रंगकामाचा हा ठरलेला आहेर.

बँजो बोल्टच्या, म्हणजे ब्रेकची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, आट्यांबद्दल एक इशारा, कारण यात मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा) फुकट जातो. जपानी धर्तीच्या भागांना एम-१० (१० मिमी व्यास), पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.२५ आणि युरोपीय धर्तीच्या भागांना एम-१०, पिच १.० अशी सर्वसाधारण वाटणी आहे. दोन्ही बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात आणि पहिले दीड-दोन आटे लागतातही. मग पाना जड लागतो आणि मिस्त्री म्हणतो, ‘नवीन आहे, बसेल.’ बसत नाही, आटे खाऊन टाकतो. मास्टरचा बोल्ट कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरचा मास्टरमध्ये बोटांनीच फिरवून बघा, उत्तर मिळतं. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घ्या. अगदीच जिवावर येत असेल तर जुने लालबुंद तापवून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं.

आता मास्टर सिलिंडर, ज्याच्यावर हा लेख आहे. डिस्कच्या किटबरोबर १४ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) आला होता. कॅलिपर एका बाजूला २७ मिमीचे दोन पिस्टन असलेला. लिव्हर म्हणजे लाकडाची खुंटी: दाबला की लगेच कडक, आणि गाडी थांबवायला चार बोटं. पहिले दोन महिने मत असं होतं की पॅड खराब आहेत. पॅड बदलले तरी तेच. हिशोब सोपा आहे, तो आधी करायला हवा होता. १४ मिमी बोअरचं क्षेत्रफळ १५४ चौरस मिमी, १२.७चं १२७, ११चं ९५. हाताचा जोर तोच ठेवून १४वरून १२.७वर आलं की दाब सुमारे २१ टक्के वाढतो, ११वर आलं की ६२ टक्के. त्याच प्रमाणात लिव्हरचा प्रवासही वाढतो. ११ मिमीला जरा हवा राहिली किंवा डिस्क जरा आउट असली की लिव्हर ग्रिपला टेकायला येतो. १४ मिमी दोन कॅलिपरच्या गाड्यांसाठी ठीक. या गाडीला १२.७च. तो घातला त्या दिवशी दोन बोटांत ब्रेक आला, त्याच पॅडवर, त्याच डिस्कवर.

आणि मग घाटातला प्रकार झाला. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: ‘ऑइल जास्त भरलंय.’ पातळी निम्म्यावर आणून पाहिली, पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. ब्रेक चिकटला की शोध घ्यायची पद्धत अशी. कॅलिपरचा निपल सैल करून चाक सुटलं नाही, तर भानगड यांत्रिक आहे: पिन गंजल्या किंवा पिस्टन अडकला. सुटलं, तर दाब अडकलेला आहे. पुढच्या वेळी चिकटल्यावर निपलला हात न लावता मास्टरकडचा बँजो बोल्ट किंचित सैल करा. तिथे सुटलं तर दोष मास्टरचा. तिथे न सुटता निपललाच सुटलं, तर नळी आतून फुगून बुजली आहे. इथे मास्टरला सुटलं.

मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीचं झाकण काढून आत बघा. तळाला दोन भोकं दिसतील. एक मोठं, आणि दुसरं सुईच्या टोकाएवढं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लिव्हर सोडलेला असताना पिस्टनचा रबरी कप या बारीक भोकाच्या मागे उभा असतो, आणि कॅलिपरमधलं तापून फुगलेलं ऑइल याच वाटेने टाकीत परत येतं. कप जरासा पुढे राहिला की वाट बंद. ऑइल तापलं की फुगतं, पॅड दाबतं, पॅड घासून आणखी तापवतात. लिव्हर अगदी हळू दाबा: पहिल्या मिलिमीटरभर चालीत त्या भोकातून ऑइलचं इवलंसं कारंजं उठलं पाहिजे. इथे उठत नव्हतं. भोक स्वच्छ होतं. दोष लिव्हरचा निघाला. १२.७च्या मास्टरवर किटचा लिव्हर लांब वाटला म्हणून पडून असलेला दुसऱ्या गाडीचा घातला होता, पैसे वाचवायला. त्याचं नाक ०.७ मिमी जास्त लांब. तेवढ्याने पिस्टन कायम पुढे दाबलेला. १४ मिमीच्या मास्टरला लिव्हर स्वतःचा होता, म्हणून तेव्हा हे झालं नाही. लिव्हरचं नाक आणि पिस्टन यांत ०.२ ते ०.५ मिमी फट हवी, फीलर गेजने मोजता येते. लिव्हरच्या टोकाशी ती दोन ते पाच मिमी मोकळी चाल म्हणून जाणवते. नाक कानसेने घासण्यापेक्षा मास्टरचाच लिव्हर आणला. कानसेने अंदाज चुकला तर चाल इतकी वाढते की ब्रेक अर्धाच लागतो.

भोक खरोखर बुजलं असेल तर वायरीतली तांब्याची एक तार पुरते. ड्रिल लावू नका. भोक मोठं झालं किंवा कडेला बुर आली की कप तिथे कापला जातो आणि मास्टर गळायला लागतो.

कोरड्या सिस्टिममधली हवा काढणं हा कंटाळवाणा प्रकार आहे. वरून पंप करत बसण्यापेक्षा कॅलिपरच्या निपलमधून सिरिंजने ऑइल वर चढवा, हवेला वरच जायचं असतं. टाकी भरून वाहत नाही ना, हे बघत राहा, कारण ब्रेक ऑइल पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर पडलं तर रंग सोलून निघतो. शेवटचा बुडबुडा मास्टरच्या बँजोपाशी बसतो, कारण तो सगळ्यांत उंच. हँडल डावीकडे वळवून मास्टर वर आणा आणि लिव्हर हळूहळू टिचक्या मारल्यासारखा हलवा. रात्रभर लिव्हर रबराने बांधून ठेवला तर सकाळी फरक दिसतो. ऑइल डॉट-४ दर्जाचं. नवं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा पिऊन झाल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणातल्या पावसाळ्यात गाडी चालत असेल तर दोन वर्षं वाट न बघता दरवर्षी बदललेलं बरं.

डिस्क घातल्यावर गाडी आपले जुने रोग बाहेर काढते. ब्रेक दाबला की हँडलमधून टक् असा आवाज येणं म्हणजे स्टिअरिंगचे छर्रे सैल किंवा खड्डे पडलेले. ड्रमवर ते कळलं नव्हतं. फोर्क नाक खुपसतो, त्याला ऑइल एक पायरी जाड आणि स्प्रिंगवर थोडा स्पेसर, एवढं पुरतं. मागचा ड्रम तसाच ठेवला आहे, त्याला दांडीवर जुळवून सोडून द्या.

आठ महिन्यांनंतरचं मत: घाटाशी संबंध नसेल आणि लेथवाला चांगला असेल तर ड्रमच जुळवा, पैसे वाचतील. डिस्क घालणार असाल तर आधी मास्टर ठरवा, मग कॅलिपर, आणि डिस्क शेवटी. लोक उलट करतात, कारण डिस्क दिसते. काढलेला ड्रम तारा-रिमसकट जपून ठेवा. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षं आणि मूळ स्वरूप लागतं. पहिल्या आरडींची पन्नाशी २०३३मध्ये भरेल.

ब्रेक लाइटचा स्विच मात्र अजून त्रास देतो. नव्या मास्टरवर तो लिव्हर पाव इंच आल्यावर लागतो, म्हणजे मागच्याला दिवा दिसेपर्यंत गाडी निम्मी बसलेली असते. पत्रा वाकवून पाहिला, तर दिवा बंदच होईना.