कुलूप खरं होतं, दुकान खोटं

पुतणीच्या लग्नात द्यायला म्हणून दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन पैठणी मागवली. ९,८०० रुपये गेले. पैठणी आलीच नाही.

मोबाइलवर जाहिरात आली होती. येवल्याच्या एका जुन्या दुकानाचं नाव, फोटोही त्यांचेच. पदरावर मोर, मागे दुकानातलं लाकडी कपाट. हातमागाच्या मानाने किंमत कमी होती, पण सेल असेल असं वाटलं. तरी मी पत्त्याच्या पट्टीत कुलूप आहे का ते पाहिलं. कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, हे इतकी वर्षं ऐकत आलेय. कुलूप होतं. मग दुसरं काही बघायचं सुचलंच नाही.

नंतर पुतण्याने नीट समजावलं. कुलुपाचा अर्थ एवढाच की आपल्या फोनवरून त्या पत्त्यावर जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. पत्त्यावर कोण बसलंय, हे ते सांगत नाही. लाखेचं सील लावून पाकीट भामट्याच्याच हातात दिलं, तर सील काय करणार? कुलुपासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५पासून फुकट देते. साइटचा पत्ता तुमच्या ताब्यात आहे एवढं तपासलं की काही मिनिटांत मिळतं. लहान दुकानदारांची त्याने मोठी सोय झाली, ते बंद व्हावं असं मी म्हणणार नाही. पण चोरालाही ते तितक्याच सहज मिळतं. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणूनच गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधलं कुलूप बदलून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह आणलं. माझ्या फोनच्या ब्राउझरमध्ये कुलूप अजून आहे.

त्या साइटचा पत्ता पुतण्याने शोधून काढला. दुकानाच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘सेल’, नोंदणी होऊन जेमतेम बावीस दिवस झालेले.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर दुकानाचं नाव आलं नव्हतं. एका अनोळखी माणसाचं नाव आलं होतं. मी ते वाचलं, मालकाचं असेल म्हणाले आणि पिन टाकला. खरं काय ते त्या एका ओळीत लिहिलेलं होतं.

पाचव्या दिवशीही पार्सल आलं नाही, तेव्हा येवल्याच्या खऱ्या दुकानात फोन केला. “ताई, आम्ही ऑनलाइन विकतच नाही. या आठवड्यात विचारणाऱ्या तुम्ही चौथ्या,” मालक म्हणाले. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार.

पैसे देताना समोर दुकानाऐवजी भलतंच नाव आलं, तर तिथेच थांबा. दुकानाचा नंबर त्या साइटवरून घेऊ नका, दुसरीकडून मिळवा आणि आधी फोन करा. पैसे गेलेच असतील, तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. तक्रार लवकर पोहोचली तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. मी सहाव्या दिवशी लावला. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.